सगळं स्वतःचं स्वतः

चारुता भागवतचे स्नायू लहानपणापासून हळूहळू कमजोर होत गेले. चौतिसाव्या वर्षी तिची बोटं कीबोर्डवर झरझर चालत, पण हात छातीच्या वर जात नसत आणि पायांनी तर कॉलेजातच काम सोडलं होतं. अमेरिकेतल्या पार्सिपनी गावातल्या घरातून ती एका विमा कंपनीचं सॉफ्टवेअर सांभाळायची. सोमवार ते शुक्रवार सकाळी आयव्ही नावाची मदतनीस येऊन तिला अंघोळ घालून, कपडे चढवून खुर्चीत बसवायची. आयव्हीचे तास सरकारी योजनेतून मिळत. शनिवार-रविवार मात्र अंघोळीला सुट्टी. त्या दोन दिवशी चारुताला पलंगावरून उचलण्याचं काम तिच्या बाबांकडे, म्हणजे एकाहत्तर वर्षांच्या मनोहरांकडे असायचं.

वर्षातून एकदा नर्स घरी येऊन कशाकशाला मदत लागते ते विचारायची. त्यावरून पुढच्या वर्षीचे तास ठरत.

"बाबा, उद्या नर्स येईल. मी वीकेंडचेही तास मागितलेत," चारुता म्हणाली. "जे आहे तेच सांगा. कौतुक नको."

"मी कशाला कौतुक करीन?" मनोहर म्हणाले, आणि उठून दिवाणखाना व्हॅक्यूम करायला लागले.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता लोरेन नावाची नर्स लॅपटॉप घेऊन आली. मनोहरांनी तिच्यापुढे चहा आणि चिवडा ठेवला. बिचाऱ्यांची अडचण अशी, की सोफ्यावर पाहुणा बसला की त्यांच्या तोंडून मुलीचं गुणगान आपोआप सुरू व्हायचं. चौतीस वर्षांची सवय होती.

"जेवताना मदत लागते?" लोरेनने विचारलं.

"अजिबात नाही," मनोहर म्हणाले.

"केस विंचरायला?"

"त्याचं मी डिव्हाइस बनवलंय." ते आतून प्लास्टिकच्या पाइपला बांधलेला कंगवा घेऊन आले. मनोहरांची सगळी नोकरी पंपांच्या कारखान्यात झाली होती. घरात पाइपांना तोटा नव्हता.

"आणि कपडे?"

"सगळं स्वतःचं स्वतः करते," मनोहर म्हणाले आणि हूक लावलेली एक काठी टेबलावर ठेवली.

लोरेन टाइप करत होती. प्रत्येक टकटकीबरोबर आपला एकेक तास उडतोय असं चारुताला वाटलं.

"बाबा, माझा निळा स्वेटर आणा," ती मराठीत म्हणाली. मग लोरेनकडे वळून इंग्रजीत म्हणाली, "मी करून दाखवते. तुम्हाला वेळ आहे ना?"

वेळ लागलाच. डावी बाही हुकाने ओढून कोपरापर्यंत आणायला आठ मिनिटं गेली. मनोहरांचा हात सारखा पुढे यायचा.

"बाबा, हात मागे."

उजव्या बाहीत काठी अडकली. ती सोडवताना स्वेटर पाठीमागे घसरला आणि तो पुन्हा वर घ्यायला बराच वेळ गेला. चहा गार झाला. लोरेनने नकळत अर्धी वाटी चिवडा संपवला. विसाव्या मिनिटाला चारुताचं डोकं स्वेटरमध्ये गेलं आणि तिथेच राहिलं.

"नऊ वाजता माझी मीटिंग असते," आतून आवाज आला. "असं करायचं तर मला पाचला सुरुवात करावी लागेल. आता कुणीतरी बाहेर काढा."

मनोहरांनी धावत जाऊन स्वेटर काढला. चारुताचे केस उभे राहिले होते. लोरेन आधी हसू दाबत होती. चारुताच हसायला लागली तेव्हा तिनेही दाबायचं सोडलं.

मग तिने विचारलं, "शनिवारी हिला पलंगावरून कोण उचलतं?"

"मी. मी एकदम फिट आहे," मनोहर म्हणाले आणि ते सिद्ध करायला खोल सोफ्यावरून झटकन उठायला गेले. अर्ध्यावर थांबले. कमरेवर हात गेला, शर्ट वर झाला आणि आतला, कमरेला आधार देणारा रुंद पट्टा दिसला. लोरेनने हात देऊन त्यांना पुन्हा बसवलं.

लोरेनने लॅपटॉप बाजूला ठेवला.

"मागच्या महिन्यात ती माझ्या हातून निसटत होती," मनोहर खाली बघत म्हणाले. "पलंग जवळ होता म्हणून वाचलो. तेव्हापासून शुक्रवारी झोप लागत नाही."

"मला का नाही सांगितलंत?" चारुताने विचारलं.

"तू काळजी केली असतीस."

"मी डोळे मिटून घेते तुम्ही उचलता तेव्हा," चारुता म्हणाली. "काळजी करतच असते."

लोरेनने मनोहरांची मघाची सगळी उत्तरं खोडली आणि पहिल्या प्रश्नापासून पुन्हा सुरुवात केली. या वेळी उत्तरं चारुताने दिली.

पाच आठवड्यांनी पत्र आलं. आयव्हीचे तास तसेच राहिले आणि शनिवार-रविवारचे तीन-तीन तास मंजूर झाले. पहिल्या शनिवारी रूथ नावाची मदतनीस आली. मनोहर बाथरूमच्या दाराबाहेर उभे राहून पाण्याचा नळ कुठल्या बाजूला फिरवायचा ते सांगत राहिले. तिसऱ्या सूचनेनंतर रूथने त्यांना त्यांचं जॅकेट आणून दिलं.

ते परतले तेव्हा चारुता ओले केस पाठीवर सोडून खिडकीपाशी बसली होती.

"कुठे होतात इतका वेळ?"

"न्हाव्याकडे. खुर्चीतच झोप लागली," मनोहर म्हणाले. "त्याने दोन गिऱ्हाइकं दुसऱ्या खुर्चीवर केली, पण मला उठवलं नाही."

ते हात धुऊन कुकर लावायला गेले.