पोटातली तीन पिल्लं

कुंभारमावशींनी चाळीस वर्षं एकाच मापाच्या कुंड्या घडवल्या होत्या. शंभर कुंड्या एकीवर एक रचल्या तरी उतरंड तसूभर कलत नसे, आणि हे त्या येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. गुडघे कुरकुरायला लागले तसं चाक मुलाच्या हाती गेलं. मग वाचनालयात काम करणाऱ्या भाचीनं त्यांना गळ घातली, की शनिवारी सकाळी मुलांना मातीचे प्राणी शिकव. अट एकच, प्राणी कुणी कुठे पाहिलेला नको.

ही अट मावशींच्या काही पचनी पडेना. पहिल्याच दिवशी एकानं पाच पायांचा बैल केला, तर त्यांनी पाचवा पाय गुपचूप काढून घेतला. भाचीनं डोळे वटारले तेव्हा मुकाट्यानं परत लावून दिला. पण माती कशी मळायची, जोड देताना दोन्हीकडे ओरखडे काढून पातळ माती कशी लावायची, हे त्यांनी मुलांकडून घोटून घेतलं. आणि एक गोष्ट दर खेपेला बजावली: पोट कोरल्याशिवाय प्राणी भट्टीत जाणार नाही. आत माती ठासलेली राहिली तर तो फुटतो, आणि शेजारच्या चौघांना घेऊन फुटतो.

मुलांमध्ये सगळ्यात लहान, सात वर्षांची एक मुलगी होती. तिला सगळे मुंगी म्हणत. ती दोन शनिवार सगळ्यांकडे पाठ करून बसली आणि तिनं नारळाएवढा एक प्राणी केला. अंग कासवाचं, कान सशाचे, शेपूट केरसुणीसारखं.

प्राणी वाळवायला मावशींनी घरी नेले. फळीवर मांडताना त्या एकेक हातात जोखत होत्या. मुंगीचा चांगलाच जड लागला. पोरीनं ऐकलं नाही म्हणायचं, असं पुटपुटत त्या बसल्या. माती अजून ओलसर होती. त्यांनी तार घेतली आणि पोटावरून सरळ चीर दिली.

आत पोट छान कोरलेलं होतं. भिंत सगळीकडे सारखी, शेपटीखाली हवेला बारीक भोकसुद्धा. आणि पोटात लिंबाएवढी तीन पिल्लं, एकमेकांना चिकटू नयेत म्हणून कोरड्या मातीत घोळलेली. तिघांनाही कान होते.

मावशींनी एकेक पिल्लू बाहेर काढून तळहातावर फिरवून पाहिलं. मग पिल्लं आत ठेवून त्यांनी पोट असं सांधलं, की त्यांना स्वतःलाही जोड सापडेना. कुणाला कळायचं कारण नव्हतं. तरी आठवडाभर त्यांना चैन पडलं नाही.

शनिवारी त्यांनी मुंगीला बाजूला घेतलं आणि काही न लपवता सगळं सांगितलं. न विचारता उघडलं हे चुकलंच, असंही म्हणाल्या.

मुंगीनं बोटांवरची माती खरवडली. मग तिनं विचारलं, "परत ठेवताना तोंडं कुठे केलीत?"

मावशींना आठवावं लागलं. "दोघांची शेपटीकडे. एकाचं बहुतेक डोक्याकडे राहिलं गं."

"मग ते पायाळू," मुंगी म्हणाली. "मी पण पायाळूच आहे. आई म्हणते, मी आधी पाय बाहेर काढले."

"राग आला का माझा?"

"थोडासा. पुढच्या वेळी विचारा."

मावशींनी मान डोलावली.

भट्टीतून प्राणी अखंड निघाला. मुंगीनं तो कानाशी धरून हलवला, तर आत खुळखुळ वाजलं. मग काय, बाकीच्यांनाही पोटात काहीबाही हवंच झालं. कुणी अंडी ठेवली, कुणी गिळलेला मासा. त्या गडबडीत मावशींनीही मातीचा एक गोळा ओढला. चाळीस वर्षांत त्यांनी कधी प्राणी केला नव्हता. दोन पाय झाले, तीन झाले, आणि पुढे काय ते त्यांना सुचेना. त्यांनी शेजारी बसलेल्या मुंगीला विचारलं. तिनं गोळा सगळीकडून फिरवून पाहिला आणि म्हणाली, राहू दे, हा बसलेला आहे.