दहावं नाव

वर्ग रोज गच्च भरायचा, हेच तर गजेंद्र सरांचं दुखणं होतं. बुलडाण्याच्या त्या कॉलेजात ते इतिहास शिकवत, आणि जोडीला, किती तरी वर्षं भांडून सुरू केलेला ‘इस्लामचा अभ्यास’ हा मायनर, म्हणजे दुय्यम विषय. पोरं दाटीवाटीनं बसत, जमीन, तहसील, वकील हे आपल्या घरातले शब्द आले कुठून ते ऐकत, सवाल करत. पण नाव नोंदवायची वेळ आली की सगळे पसार! हिंदू पोरं म्हणत, घरी चालत नाही. मुसलमान पोरं म्हणत, सर, नोकरीच्या मुलाखतीत विचारतील ना, हाच विषय काऊन घेतला? आता बोला.

वर्गातल्या करिष्माचं नाव तर सरांनी देऊळघाटला जाऊन, तिच्या वडलांच्या ओसरीवर बसून मिळवलं होतं.

“सर, पोरीची सोयरीक पाहून राह्यलो मी,” शेषराव म्हणाले होते. “पाहुने इचारतील, हे काय शिकली म्हून. मी काय सांगू?”

“सांगा, सरानं शिकवलं. कोनाले भेता, शेषरावभाऊ? शिक्षन हाय, चोरी हाय का?”

शेवटी शेषराव हो म्हणाले. निव्वळ सरांच्या शब्दावर.

यंदा प्राचार्यांनी सरळच सांगितलं, दहा नावं नसतील तर विषय बंद. नऊ झाली होती. सरांनी पोरांच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं, पण एक कोणी बधेल तर शपथ. उद्याचा दिवस शेवटचा.

सरांची लेक अर्पिता त्याच कॉलेजात होती. मायनर कॉम्प्युटरचा, पण बापाच्या वर्गात पहिल्या बाकावर. संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, “बाबा, माझं नाव टाका ना. मायनर बदलता येतो उद्यापर्यंत. झाले दहा!”

ही गोष्ट सरांना सुचलीच नव्हती असं थोडंच होतं? दुपारीच सुचली होती, अन् त्यांनी ती तिथल्या तिथे हाकलून लावली होती. रविवारी साखरखेर्ड्याचे पाहुणे अर्पिताला पाहायला येणार होते. घर चांगलं, मुलगा इंजिनीअर.

“तू नको.”

“काऊन?”

“नको म्हनलं ना! पाहुने येऊन राह्यले. उगीच नाही नाही ते सवाल करतील.”

अर्पिता हळूच म्हणाली, “करिष्माले नव्हते करनार का, बाबा?”

अरे, काय करावं या माणसाला! लाज वाटली, जीव नकोसा होईल इतकी वाटली. पण एवढं शरमूनही “टाक बाई नाव” एवढं काही त्यांच्या तोंडून निघालं नाही. रात्रभर नाही, सकाळीही नाही.

दुपारी विषय बंद झाला. “तुम्ही तर जिवाचं रान केलं, सर,” प्राचार्य म्हणाले, आणि सरांनी ते मुकाट ऐकून घेतलं.

बाहेर व्हरांड्यात करिष्मा उभी होती, शेजारी अर्पिता. करिष्माचे डोळे भरले होते. “सर, अख्ख्या कॉलेजात एक नाव नाही भेटलं?”

सरांनी तोंड उघडलं, पण त्यांच्याआधी अर्पिताच बोलली.

“नाही भेटलं ना. बाबांनी लय कोशिश केली.”