कानातून निघालेल्या अळ्या

२००४ सालची गोष्ट. पुण्यातल्या वारज्याच्या एका मंगल कार्यालयाबाहेर रविवारी सकाळी आठलाच रांग लागे. रांगेत पेन्शनर असत, लेकुरवाळ्या बायका असत, आणि गळ्यात कंपनीचं ओळखपत्र अडकवलेली हिंजवडीची मुलंही असत. आत व्यासपीठावर कृमीनाथ महाराज.

"डॉक्टर नुसता स्कॅन करतो, मी क्लीन करतो!" महाराज माइकवरून गर्जत. "मेंदूतला व्हायरस गोळीनं डिलीट होतो का? धूर लागतो, सिद्ध धूर!"

लोक टाळ्या वाजवत. एका रविवारी पहिल्या रांगेत मीही होते. माझ्या शेजारी माझा भाऊ दीनानाथदादा, हेमावहिनी आणि त्यांची मुलगी सलोनी.

सलोनी तेवीस वर्षांची, सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला. तीन महिन्यांपूर्वी तिला ऑफिसात फिट आली. स्कॅनमध्ये मेंदूत दोन गाठी दिसल्या, डुकरांत सापडणाऱ्या पट्टकृमी या जंताच्या पिल्लांच्या. डॉक्टरांनी फिटच्या गोळ्या दिल्या आणि बजावलं, "मला विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करायच्या नाहीत."

वहिनींना ते पटेना. "वन्सं, आमच्याकडे अंडंसुद्धा शिजत नाही. डुकराचा जंत पोरीच्या डोक्यात जाईलच कसा? कुणीतरी केलंय हे."

तेव्हाच सांगायला हवं होतं. या जंताची अंडी जंत झालेल्या माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात आणि घाण पाणी, न धुतलेले हात, कच्ची कोथिंबीर यांतून कुणाच्याही पोटात जातात, शाकाहारी माणसाच्याही. सव्वीस वर्षं मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते. पण दादा तापट, वहिनी रडवेल्या. मी म्हटलं, "बघू."

महाराजांनी तापलेल्या तव्यावर तूप आणि चिमूटभर बिया टाकल्या, वर मडकं पालथं घातलं आणि मडक्याच्या नळीतून सलोनीच्या कानात धूर सोडला. पाच मिनिटांनी मडकं पाण्याच्या परातीत झटकलं. पाण्यावर सात-आठ पांढऱ्या, वाकड्या अळ्या तरंगू लागल्या. सभागृहातून "अगं बाई!" असा एकच आवाज उठला.

"इथे प्राणिशास्त्राच्या प्राध्यापिका बसल्यात म्हणे," महाराज म्हणाले. "या बाई. सांगा, काय आहे हे?"

मी वाकून पाहिलं. तोंड नाही, शरीराला वलयं नाहीत. हलत होतं ते पाणी. पण चारशे माणसं माझ्याकडे बघत होती, आणि खरं सांगते, मला ते आवडलं. मी म्हणाले, "अळीसारखं दिसतंय खरं."

"विज्ञानानं मान्य केलं!" महाराज ओरडले.

दोन अळ्या मी रुमालात गुंडाळून आणल्या. दुसऱ्या दिवशी कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या. त्या अळ्या नव्हत्याच. वनस्पतिशास्त्राच्या मंडळींनी हसत सांगितलं, "हे भुईरिंगणीच्या बीतले अंकुर आहेत. दातकिडा काढणारे वैदू हेच करतात." मी घरी आले. दादाला फोन करायला रिसीव्हर उचलला आणि ठेवला. आता बोलले तर सगळ्यांसमोर खोटी पडेन, असं वाटलं.

तीन आठवडे सलोनीला फिट आली नाही. मग वहिनींनी उरलेल्या गोळ्या बेसिनमध्ये ओतल्या. पाचव्या आठवड्यात हिंजवडीला कंपनीच्या बसमधून उतरताना सलोनीला फिट आली आणि ती पायरीवरून खाली डोक्यावर आपटली. दोन दिवस ती शुद्धीवर नव्हती.

पुढच्या रविवारी मी सूक्ष्मदर्शक, शेगडी आणि एक शेंडीचा नारळ घेऊन मंगल कार्यालयात गेले.

"महाराज, या नारळाला धूर द्या."

"बाई, श्रद्धेची थट्टा करू नका."

"मग मीच देते."

भुईरिंगणीच्या बिया मी बरोबर नेल्या होत्या; तवा, मडकं आणि परात महाराजांचीच घेतली. तव्यावर त्या तडतडल्या, फुटल्या, आतले अंकुर उडून मडक्याला चिकटले. नळीतून नारळाला धूर दिला आणि मडकं परातीत झटकलं. नारळातूनही तशाच अळ्या निघाल्या. रांगेतला सुदर्शन नावाचा तरुण सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून म्हणाला, "अहो, हे तर कांद्याच्या पापुद्र्यासारखं आहे! शाळेत बघितलं होतं. वनस्पतीच्या पेशी!"

महाराज मागच्या दारानं निघून गेले. मी बोलावलं म्हणून वहिनी दवाखान्यातून तशाच आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "मग तीन आठवडे पोर बरी कशी होती?"

"बरी नव्हती वहिनी, शांत होती," मी म्हणाले. "आपल्या प्रत्येक पेशीत स्वतःला संपवायची एक सोय असते. काम संपलं की पेशी शिस्तीत मरते. जिवंत गाठ याचाच फायदा घेते. तिच्यावर चालून आलेल्या आपल्या सैनिक पेशींना ती मरायला लावते. लढाईच होत नाही, म्हणून वर्षानुवर्षं काही कळत नाही. गाठ स्वतः मरायला लागली की तिची ताकद जाते. सैनिक तुटून पडतात, मेंदूला सूज येते, फिट येते. सलोनीची एक गाठ आधीच मरत होती; तिची फिट त्या तीन आठवड्यांत गोळ्यांनी थोपवून धरली होती. दुसरी याच महिन्यात मरू लागली, असं डॉक्टर म्हणतात. त्या वेळी तिला गोळ्यांची सगळ्यात जास्त गरज होती."

वहिनी पुढे आल्या. परातीकडे पाहत उभ्या राहिल्या.

सलोनी वाचली. कपाळावर अकरा टाके, आणि बोलताना अजून एखादा शब्द अडतो. घरी आल्यावर तिनं विचारलं, "आत्या, त्या अळ्या खोट्या आहेत हे तुला कधी कळलं?"

"दुसऱ्याच दिवशी."

ती मग म्हणाली, "मला एक फोन तरी करायचास."

म्हणून हे लिहिते आहे. फिट ही करणी नाही, आजार आहे, आणि त्याला औषध आहे. भाज्या धुऊन खा, हात धुवा, डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी थांबवू नका. चमत्कार दिसला तर तोच प्रयोग नारळावर करून पाहा. आणि तुमच्या घरातलं शिकलेलं माणूस "बघू" म्हणून गप्प बसलं, तर त्याला सोडू नका. बोलतं करा.