सर्वांत स्वच्छ टाकी

भिंगकाकांनी काचेची झाकणबंद बशी बाईंच्या टेबलावर, जेवणाच्या डब्याला खेटून ठेवली आणि म्हणाले, "घ्या, वास घ्या."

बाईंनी घास तसाच तोंडात धरून ठेवला. बशीत पिवळट, चिकट साय धरली होती. जंतूंचे ठिपके एकमेकांत घुसून त्यांचा लगदा झाला होता. झाकण बंद होतं, तरी कुजक्या फडक्याचा वास यायचा तो आलाच. बाईंनी डबा मिटला. पाणीखात्यात काका पाण्यातले जंतू मोजत आणि बाई त्या आकड्यांचे अहवाल काढत. चौदा वर्षांत काकांनी असला आचरटपणा कधी केला नव्हता.

"कुठल्या गटारातलं हे?"

"गटार कसलं! टाकी क्रमांक एकशे सत्तेचाळीस. आज चार वाजता जिला फिरती ढाल मिळणार आहे ना, तीच ही बया. सलग तिसऱ्यांदा."

"काहीतरीच काय! तिथे जंतू शून्य आहेत."

"शून्य मी कधी लिहिलं? दर महिन्याला 'असंख्य' लिहून पाठवतोय. तुमचं यंत्र काय डोळे मिटून वाचतं?"

बाईंनी अहवाल उघडला. एकशे सत्तेचाळीसची पट्टी इतकी हिरवीगार होती की तिच्यावर शेळ्या चरायला सोडाव्यात. मग काकांचा मूळ तक्ता उघडला. तिथे त्याच टाकीपुढे ठसठशीत लिहिलं होतं, असंख्य. जंतू मोजण्यापलीकडे गेले की प्रयोगशाळा आकडा लिहीत नसे, हा शब्द लिहीत असे.

तासभर दोघं पडद्यात डोकं घालून बसली, तेव्हा कुठे भानगड सापडली. तक्ता आत घेताना अहवालाचं सॉफ्टवेअर पहिल्या दोनशे ओळी चाळायचं आणि रकान्यात काय आहे ते ठरवून मोकळं व्हायचं. तक्ता क्रमांकाने नव्हे, भागांप्रमाणे लावलेला; पहिल्या दोनशे ओळी टेकडीवरच्या नव्या टाक्यांच्या. तिथे तीन, पाच, दोन, सगळे आकडेच. ठरलं, रकाना आकड्यांचा! पुढे कुठे शब्द आला तर तो गुपचूप गाळायचा आणि जागा रिकामी सोडायची.

"रिकामी ना? मग शून्य कुठून उगवलं?" काकांनी विचारलं.

बाईंनी अहवालाची मांडणी ठरवायचं पान उघडलं. 'रिकाम्या जागी शून्य दाखवा' या ओळीपुढे बरोबरची खूण होती. तीन वर्षांपूर्वी साहेब म्हणाले होते, अहवालात भोकं दिसतात, बरं नाही दिसत. ती खूण बाईंनीच केली होती, आणि साहेबांनी सगळ्यांसमोर त्यांची वाहवा केली होती. बशीकडे एकवेळ बघवत होतं, त्या खुणेकडे बघवेना.

त्यांनी खूण काढली, रकान्याचा प्रकार स्वतःच्या हाताने 'मजकूर' केला आणि तक्ता पुन्हा आत घेतला. एक नाही, नऊ टाक्या लाल झाल्या. तीन वर्षं स्वच्छतेचे पहिले नऊ नंबर याच नऊ जणींचे. धुवायच्या टाक्या निवडत यादीच्या शेपटाकडून. म्हणजे या डबक्यांची झाकणंसुद्धा कुणी उचलली नव्हती.

"शी!" काका म्हणाले. "आणि आपण घासतोय टेकडीवरच्या चकचकीत टाक्या."

साहेब आत आले. "बाई, पाहुणे आलेत, यादी द्या. आणि ही काय घाण? उचला आधी."

"साहेब, हीच ती ढालवाली टाकी. यादी चुकलीय."

साहेबांनी नाकाला रुमाल लावून पडदा वाचला. "असंख्य म्हणजे किती?"

"मोजता येत नाहीत इतके," काका म्हणाले.

"मग जे मोजताच आलं नाही ते छापायचं कशाला? ढालीवर अक्षरं कोरून झालीत. पुढच्या महिन्यात बघू. आज हिरवीच काढा."

ते गेले. रुमालाच्या अत्तराचा गोडसर वास खोलीत रेंगाळला. बाईंनी खिडकी उघडली. त्यापेक्षा बशी परवडली.

त्यांनी लाल यादी छापली आणि बाहेर आल्या. सभागृहाच्या दाराशी एकशे सत्तेचाळीसचे राखणदार उभे होते. कडक इस्त्रीचा सदरा, केसांना चापूनचोपून तेल.

"नमस्कार बाई! यंदाही शून्यच ना?"

"दादा, तुम्ही घरी कुठलं पाणी पिता?"

"आमच्याच टाकीचं की! अख्खी वस्ती पिते." मग त्यांनी आवाज खाली आणला. "सून चार दिवस झाले अंथरुणाला खिळलीय. उलट्या थांबत नाहीत. डॉक्टर म्हणतो, पाणी तपासा. असा तापलो मी! म्हटलं, तोंड सांभाळा, आमच्या पाण्याला ढाल आहे."

बाईंनी कागद पुढे केला.

"तुमच्या पाण्यात मोजता येणार नाहीत इतके जंतू आहेत, दादा. तीन वर्षं काका तसंच लिहीत होते. ते शून्य माझ्यामुळे दिसत होतं."

राखणदारांनी ओळीवर बोट फिरवत कागद दोनदा वाचला. मग खिशातून फोन काढला.

"सूनबाई, ते पाणी पिऊ नकोस. शेजारीपाजारी पण सांगायला लाव... हो गं, आपल्याच टाकीचं."

आतून साहेबांचा आवाज घुमला, "आणि आता, शहरातली सर्वांत स्वच्छ टाकी!" टाळ्या सुरू झाल्या.

राखणदारांनी सदऱ्याची सुरकुती हाताने सारखी केली. कागद घडी न घालता हातातच ठेवला.

"बाई," त्यांनी हळूच विचारलं, "ढाल घेणाऱ्याला दोन शब्द बोलू देतात ना?"

बाईंनी दार उघडून धरलं.