परातीतलं वावर

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. दर्यापूरकडच्या एका गावात जानरावाच्या जवारीत तणावर औषध मारणार, हे केशरबाईला विहिरीवर कळलं आणि तिचं पोट दुखू लागलं. जानरावाचं वावर वरच्या अंगाला, तिचं कपाशीचं, म्हणजे पऱ्हाटीचं, खालच्या. मध्ये मातीचा सामाईक बांध, धुरा. शेतकीचे गोपाळकृष्ण साहेब जीपमधून पंप आणि डबा घेऊन आले. थोड्याच दिवसांत जवारी उभी राहिली आणि तण आडवं झालं. जानराव पारावर औषधाशिवाय दुसरं बोलेना.

केशरबाईचा हिशेब सरळ होता. औषध म्हणजे औषध. माणसाला मानवतं, बैलाला मानवतं, पऱ्हाटीनंच काय पाप केलं? वरच्याला घागर मिळाली तर खालच्याला ओंजळ मिळालीच पाहिजे. मुलगा सहदेव बाजाराला गेलेला पाहून ती कुदळ घेऊन वावरात गेली, धुरा हातभर फोडला आणि भगदाड कुणाला दिसू नये म्हणून त्यावर बोरीची काटी टाकून ठेवली. संध्याकाळी पाऊस झाला. औषधाचं पाणी फुकटात आलं म्हणून ती खुशीत झोपली.

पुढं पऱ्हाटीची पानं बारीक झाली, कोंबडीच्या पायासारखी फाकली. शेंडे वाकडे झाले.

"माय, हे जानरावकाकाच्या औषधानं झालं," सहदेव म्हणाला.

केशरबाई सूप घेऊन दाणे पाखडू लागली. जानरावाचं नाव निघूनही तिनं त्याला एक शिवी दिली नाही, याचीच घरात जास्त काळजी वाटली.

सहदेवानं साहेबाला बोलावलं. जानरावही आला. पूर्णा नदीकडून आभाळ भरून येत होतं, आणि धुऱ्याकाठचा राहिलेला पट्टा जानराव उद्याच मारणार होता. भगदाड तसंच राहिलं तर पुढच्या पाण्यात उरलेली पऱ्हाटीही जाणार. बुजवायचं तर धुरा आपण फोडला हे कबूल करायचं, तेही जानरावासमोर. केशरबाई दाराशी बसून हेच तोलत होती.

साहेब ओसरीवर टेकले. "बाई, एक परात द्या. थोडी हळदही लागेल."

"हळद कायले? परातीचं लगन लावता?"

साहेब हसले नाहीत. परातीत काळी माती थापून त्यांनी उतार केला, मधोमध बोटभर जाडीचा धुरा घातला. वरच्या अर्ध्यावर हळद भुरभुरली. "हे तुमचं वावर, जानराव. हळद म्हणजे औषध. आता पाऊस." लोट्यातलं पाणी ते हातानं शिंपडत राहिले. पिवळं पाणी उतरलं आणि धुऱ्याशी थबकलं. खालची माती काळी ती काळीच.

"पाहा. धुरा आहे तोवर औषध खाली येत नाही. तुमच्या पऱ्हाटीवर रोग दिसतो."

"मी तं सांगूनच राहिलो होतो," जानराव म्हणाला. "वैनी, तुमची पऱ्हाटी तुमच्याच जिभेनं करपली."

सहदेवाचं तोंड उतरलं. साहेब हात धुऊ लागले. "उद्या उरलेला पट्टा मारून घ्या, जानराव."

केशरबाई उठली, परातीशी आली आणि मातीच्या धुऱ्यात अंगठा खुपसून तो फोडला.

"आता पाडा पानी."

साहेबांनी पाणी शिंपडलं. पिवळा ओघळ भगदाडातून निघाला आणि पंख्यासारखा खालच्या मातीवर पसरला. वावरात पऱ्हाटी जशी वाकडी होत गेली होती, तसाच.

जानरावानं मान वर केली. "धुरा कोनं फोडला, वैनी?"

"म्या."

"कावून?"

"गावभर औषध-औषध करत तुमी फिरले, भाऊजी. औषध वाहून चाललं म्हून म्या वाट देल्ली. जहर म्हनले असते तं धुऱ्यावर भिंत बांदली असती."

"बाई, तणाला ते जहरच आहे," साहेब म्हणाले. "आणि पऱ्हाटीला तर तणाहून जास्त. जानरावांना मी सांगितलं होतं."

सगळे जानरावाकडे पाहू लागले.

"मले कोनं इचारलं?" जानराव म्हणाला.

साहेबांनी मग वाद वाढू दिला नाही. भगदाड आजच बुजवा, आभाळ असताना औषध मारू नका, धुऱ्याकाठचा पट्टा औषधाविना सोडून तिथं गवत वाढू द्या, गवत पाणी अडवतं आणि मातीही धरतं, असं त्यांनी सांगितलं.

"धुरा फोडला यायनं, आन गवत माह्या वावरात?" जानराव.

"अर्धा पट्टा माह्या वावरातला घ्या," केशरबाई म्हणाली. "कोनाचं फुकट नोको मले."

सहदेव आणि जानराव मिळून भगदाडात माती टाकत होते, केशरबाई पायानं तुडवत होती. पाऊस आला तेव्हा पाणी धुऱ्याशी तुंबून राहिलं.

उघाड पडल्यावर धुऱ्यालगतच्या पऱ्हाटीच्या वाकड्या ओळी, तासं, केशरबाई स्वतः उपटायला बसली. मजूर लावू दिला नाही. वाटेनं तण निंदायला निघालेली गावातली सुंदराबाई थांबली.

"उभी पऱ्हाटी कावून उपटून राहिल्या, बाई?"

"गवत लावाचं हाये," केशरबाई म्हणाली, आणि पुढचं झाड धरलं.