चौदा नंबरचं मशीन

इस्पितळाच्या नोंदणी कक्षातली तेरा मशिनं दुपारी एकपर्यंत सुतासारखी सरळ झाली. चौदावं अडून बसलं. नवी संगणक प्रणाली मुक्त होती, फुकट होती आणि थेट नेटवर्कवरून, मशीनवरचं जुनं सगळं पुसून चढत होती. वरिष्ठांनी यातला मधला शब्द वाचून ती मंजूर केली होती.

चौदाच्या पडद्यावर एकच ओळ : सर्व्हरकडून उत्तर नाही.

इस्पितळाच्या तंत्रज्ञानं केबल बदलली, भिंतीतलं सॉकेट बदललं, स्विचचं पोर्ट बदललं.

"आता खुर्ची बदलून बघा," हेडक्लार्क म्हणाले.

तेवढ्यात दारात वहिनी आल्या. "भावजी, लॅबच्या बाई म्हणाल्या, चारला गाठीचा रिपोर्ट छापून देते. तो दाखवला तरच उद्या ह्यांना ऑपरेशनला घेणार. परवापासून सर्जन महिनाभर नाहीत."

"मिळेल हो वहिनी," तंत्रज्ञ म्हणाला. "मी आहे ना इथे."

दादाच्या जबड्यातली गाठ महिनाभर थांबण्याच्या स्वभावाची नव्हती, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

त्यानं सर्व्हरचा लॉग, म्हणजे नोंदवही, उघडला. चौदा नंबर हाका मारत होता, सर्व्हर ऐकतही होता. पण चौदाचं जळालेलं नेटवर्क कार्ड मागे बदललं होतं आणि नव्या कार्डाचा क्रमांक यादीत नव्हता. यादीत नसलेल्याला सर्व्हर दारात उभं करत नसे. त्यानं तो लांबलचक क्रमांक टाइप केला. चुकला. पुन्हा केला, पुन्हा चुकला. हेडक्लार्कांचा श्वास मानेवर येत होता.

"साहेब, बाहेर रांग जिन्यापर्यंत गेलीय," शिपाई दारातून म्हणाला.

मग त्यानं यादीच बाजूला ठेवली. जो मागेल त्याला नवी प्रणाली द्या. पाच मिनिटांपुरतं.

चौदा सुरू झालं. "एवढंच होतं तर सकाळी काय मुहूर्त बघत होतात?" हेडक्लार्क म्हणाले. चौदाची हिरवी पट्टी भरेपर्यंत तो तिच्याकडेच बघत बसला.

त्याच पाच मिनिटांत लॅबचं मशीन गोठलं. बाईंनी ते बंद करून चालू केलं. हा उपाय त्यांना त्यानंच शिकवला होता. दोन वर्षांपूर्वी ते मशीनही त्यानं नेटवर्कवरूनच बसवलं होतं. सुरू होताना आधी सर्व्हरला विचारायची त्याची खोड मोडायची राहून गेली होती. रोज ते विचारायचं, यादीत नाही म्हणून रोज सर्व्हर गप्प बसायचा, आणि मग ते निमूट आपल्या डिस्कवरून कामाला लागायचं. आज सर्व्हर हो म्हणाला.

लॅबमधून फोन आला. "अहो, काय जादू केलीत? पडदा नवाकोरा! पण माझे रिपोर्ट कुठे गेले?"

रिपोर्टांची दुसरी प्रत ठेवण्याचं काम त्याच्या कामांत होतं. चौदा मशिनं झाली की लगेच. डिस्क काढून तो चारपर्यंत रिपोर्टांसाठी खरवडत बसला. नव्या प्रणालीनं जुन्यावर व्यवस्थित, एकही चूक न करता, लिहून ठेवलं होतं. गाठीच्या तुकड्याच्या तपासणीच्या काचा शाबूत होत्या. त्या वाचणारे डॉक्टर सकाळीच दहा दिवसांच्या रजेवर गेले होते.

वहिनी लॅबच्या बाकावर बसल्या होत्या. तो नेटवर्क, यादी, कार्ड असं काहीतरी सांगू लागला.

"भावजी, पुसलं कोणी?"

"मी."

त्यांनी पिशवी उचलली, पुन्हा खाली ठेवली.

"रिपोर्ट येईपर्यंत नको म्हणत ह्यांनी सकाळपासून काही खाल्लेलं नाही," त्या म्हणाल्या. "वर वॉर्डात चला. तुम्हीच सांगा."