मोजणी चालू आहे

हातात हातोडी घेऊन मास्तर जिना उतरत होता. बायकोने मागून सदरा धरला, तो टरकन फाटला, पण गडी थांबला नाही. डोक्यात राख घालून घेतली की माणसाला अंगावरचं फाटलेलंही कळत नाही.

मास्तर घरबसल्या कॅमेऱ्यासमोर गणित शिकवायचा. ऐन उदाहरणात त्याचं चित्र गोठायचं, तेही तोंड वासलेलं. मुलं हसायची आणि दुसरा क्लास धरायची. पोटावरच पाय आला होता. इंटरनेट दोघा भावांत एकच, राउटर खाली धाकट्याच्या घड्याळं दुरुस्त करायच्या खोलीत. तेव्हा खालचेच लाइन खातात, हे मास्तराने ठरवून टाकलं. पुरावा हवा म्हणून लॅपटॉपवर स्पीड मोजायचा प्रोग्रॅम घातला. एकदा मोजून समाधान होईना, म्हणून तो न थांबता मोजत राहील असा लावला. आधी लाइन कधीमधी अडायची, आता रोज अडायला लागली. घ्या, चोर सापडला!

धाकटा वर येऊन सांगून गेला होता, की क्लासच्या वेळी आम्ही फोन, टीव्ही सगळं बंद ठेवतो. मास्तर म्हणाला, चोराच्या उलट्या बोंबा. आणि आज शिकवता शिकवता निम्मा वर्ग उठून गेला.

धाकटा डोळ्याला भिंग लावून कुणाच्या तरी घड्याळाच्या पोटात बघत होता. मास्तराने लाथेने टेबल उलथलं. बारीक चाकं फरशीभर उधळली. धाकटा उठतोय तोवर त्याच्या मुस्काटात बसली, भिंग फुटलं आणि भुवईतून रक्त आलं.

"दादा, सगळं बंद आहे रे. बघ तरी एकदा."

बघायचं कुणाला होतं? मास्तराने भावाचे केस धरून डोकं भिंतीवर आपटलं, पुन्हा आपटलं आणि राउटरवर हातोडी उगारली. राउटर फुटला तर दादाचा क्लास पार बुडेल, एवढंच त्या वेड्याला सुचलं. त्याने हात आडवा घातला. बोटं काडकन मोडली.

तो घाव चुकून बसला होता. दुसरा नाही. दुसरा मास्तराने नीट नेम धरून घातला, केसाएवढा स्क्रू न थरथरता धरणाऱ्या त्याच हातावर. तिसऱ्याला धाकट्याची बायको मध्ये पडली. तिने मास्तराच्या दंडाचा लचका तोडला, तेव्हा कुठे हातोडी सुटली.

सगळे धाकट्याला घेऊन दवाखान्यात गेले. जाताना मास्तराची बायको नवऱ्याच्या पायापाशी थुंकली.

मास्तर रक्ताळलेला दंड धरून वर आला. आता खाली चिटपाखरू नव्हतं. आकडा वर चढलेला दिसू दे, मग एकेकाला दाखवतो, असं म्हणत त्याने लॅपटॉप पाहिला. आकडा तळालाच होता. त्याने फोनवर स्वतःचाच एक जुना धडा लावला. तोही अडकला. चिडून त्याने लॅपटॉप दाणकन मिटला, तशी फोनमधली आकृती बोलायला लागली. लॅपटॉप उघडला, मोजणी सुरू झाली, आकृती गोठली. मिटला, बोलायला लागली.

लाइन कुणी खात नव्हतं. त्याची मोजणीच सगळी लाइन ओढून घेत होती. मास्तराला स्वतःचं थोबाड फोडावंसं वाटलं, पण हातोडी खालीच पडली होती आणि ती आणायला जाववेना.

काही तासांनी फोन वाजला, व्हिडिओवर. धाकट्याच्या बायकोने फोन धरला होता, पण ती मास्तराकडे बघत नव्हती. पलीकडे धाकटा निजलेला. डोळा काळानिळा सुजलेला, हाताला कोपरापर्यंत पांढरं बांधलेलं. त्याने चेहरा जवळ आणला.

"दोन बोटं काढली, दादा. ते जाऊ दे. राउटर फुटला नाही ना? दिसतोय का मी नीट?"

चित्र एकदाही अडकलं नाही. पट्टीतून पाझरणारं रक्तसुद्धा लख्ख दिसत होतं.

"दिसतोयस," मास्तर म्हणाला.